पाच किलोवॅटचे बेट

मॅलेग, स्कॉटलंड
२४ जून

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाड्यावर सौर पॅनेल बसले, बॅटऱ्या आल्या, पण एका घराने विजेची शेगडी लावली की साऱ्या पाड्यात अंधार होतो. मग लोकांनी मर्यादा पाळावी तरी कशी, असे तू निघण्याच्या आदल्या रात्री विचारले होतेस. माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. वीजखात्याच्या नोकरीत मी बत्तीस वर्षे दंड लावले आणि जोडण्या तोडल्या, पण त्यामुळे कोणी वीज जपून वापरू लागल्याचे मला आठवत नाही. परवा एग बेटावर जे पाहिले, ते म्हणूनच तुला सविस्तर कळवतो.

आम्ही चौघे वर्गमित्र ग्लासगोच्या मित्राच्या शिडाच्या होडीतून मॅलेगहून नैऋत्येला निघालो. बेटाचा ३९३ मीटर उंचीचा स्गूर नावाचा काळा कडा फार दुरून दिसू लागतो आणि तासन्‌तास तेवढाच राहतो. धक्क्यासमोरच्या छोट्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला, तर ओढ एवढी की पहिल्यांदा तो घसरलाच. दुसऱ्यांदा साखळी जास्त सोडली, तेव्हा धरला. मग डिंगी वल्हवत किनाऱ्याला लागलो.

इथे शंभराच्या आसपास माणसे राहतात. पूर्वी सारे बेट एकेका जमीनदाराच्या मालकीचे असे आणि आपले घर उद्या आपल्याकडे राहील की नाही, याचा भरवसा कुळांना नसे. १९९७ साली रहिवाशांनी हायलँड परिषद आणि एका वन्यजीव संस्थेला सोबत घेऊन न्यास स्थापन केला, लोकवर्गणी जमवली आणि पंधरा लाख पौंडांना बेट विकत घेतले. तेव्हा वस्ती पासष्टच्या घरात होती. वीज मात्र त्यानंतरही बरीच वर्षे ज्याच्या त्याच्या डिझेल जनित्रावरच होती, कारण मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता.

२००८ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःचे जाळे सुरू केले. ओढ्यांवर तीन जलविद्युत संच आहेत, त्यांतला मोठा १०० किलोवॅटचा. चार लहान पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत. बॅटऱ्या आहेत आणि अडीअडचणीला डिझेल जनित्रे. हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर असतो, उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा ऊन असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, ही जुळणी मला फार आवडली. वीज जास्त झाली तर ती सभागृह आणि चर्च उबदार ठेवण्यासाठी वापरतात, वाया घालवत नाहीत.

आता तुझा प्रश्न. प्रत्येक घराला, मग ते लहान असो की मोठे, पाच किलोवॅटची मर्यादा आहे आणि व्यवसायांना दहाची. ती ओलांडली की त्या एकाच घराची वीज जाते, शेजाऱ्याची जात नाही, आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी माणूस बोलवावा लागतो. पण मी ज्या घरी चहाला थांबलो, तिथे ती वेळच येत नव्हती. स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांच्या अगदी वर, हातभर अंतरावर एक छोटा मीटर होता. बाईंनी किटलीचे बटण दाबले, आकडा ०.४ वरून ३.३ किलोवॅटवर गेला, आणि कपडे भरून तयार असलेल्या धुलाईयंत्राकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ते चहानंतर." एवढ्या सहजपणे, जसे आपल्याकडे आई नळाचे पाणी जाण्याआधी पिंप भरून घेत असे.

माझ्या लक्षात आले ते असे, की आपण मीटर घराबाहेर, डोक्याच्याही वर, पेटीत कुलूपबंद करतो आणि मग लोकांना वापराचे भान नाही म्हणून रागावतो. तू पाड्यावर जास्त वापर होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवण्याआधी हा आकडा चुलीशेजारी आण, जिथे बायका दिवसभर वावरतात. आणि मर्यादा किती असावी, हे कागदावर लिहून नेऊ नकोस; एगच्या लोकांनी ती आपणच ठरवली होती, आणि वीज कंपनीही त्यांचीच आहे. पाड्याची बैठक तीनदा घ्यावी लागली तरी घे. तुझ्या संस्थेला ते दिवस वाया गेल्यासारखे वाटतील, तेव्हा माझे हे पत्र दाखव.

मीटरचा फोटो वेगळा पाठवला आहे. त्यावरचा ०.४ हा किटली लावण्यापूर्वीचा आकडा आहे.

तुझा,
बाबा