खानचे माहेर आणि माळ्यावरचा नकाशा

मा. संपादक,
स. न.

२०२८ च्या उज्जैनच्या सिंहस्थाच्या निमित्ताने इंदूरच्या कान्ह नदीच्या (आमच्या पिढीची ‘खान’) घाटांबद्दल आणि दिव्यांबद्दल आपल्या अंकात बरेच येते आहे. म्हणून हे पत्र.

दिवाळीत माळा आवरताना सासऱ्यांच्या ट्रंकेत सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळाला. मागे कापड लावलेला, घड्यांवर विरलेला. शीट ४६ एन, एक इंचाला चार मैल. १९३९ चा यशवंत सागर तलाव त्यात नाही, तेव्हा त्याआधीचाच.

भिंग घेऊन बसले. महूच्या खाली जाम घाटापाशी उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा इतक्या दाटल्या आहेत की मध्ये सुई शिरणार नाही. तिथून चोरल दक्षिणेला नर्मदेकडे उतरते आणि तिच्याकडे पाठ करून जानापाव डोंगरातली चंबळ उत्तरेला निघते. आपली खानही उत्तरेचीच. सांवेरच्या वर नकाशा संपतो. पुढे ती क्षिप्रेला मिळते, तिथून चंबळ, यमुना, गंगा. थोडक्यात, इंदूर घराच्या आढ्यालगत बसले आहे. आढ्यावर पाणी वाहत येत नाही, पडेल तेवढेच. १९७८ पासून आपण नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून नर्मदा वर चढवून पितो, ते उगीच नव्हे.

शहराच्या वरच्या अंगाचे ओढे नकाशात काळ्या रेषेने आहेत, म्हणजे पावसाळ्यापुरते वाहणारे. आणि त्याच अंगाला निळे ठिपके: बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर. जुन्या लोकांनी पाऊस तिथे अडवला होता. सिरपूरला २०२२ मध्ये रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) मान मिळाला, आनंदच आहे. पण तलावात पाणी आणणाऱ्या चॅनलचे काय? मागच्या श्रावणात नकाशाची झेरॉक्स घेऊन बिलावलीच्या बाजूला गेले. काळ्या रेषेच्या जागी कॉलनीचे फाटक. चौकीदार म्हणाला, “नाला? यहाँ तो गार्डन है, माताजी.” गार्डनमध्ये घोटाभर पाणी साचले होते.

घाट बांधा, दिवे लावा, माझी हरकत नाही. तेवढ्याच खर्चातून आधी प्रत्येक तलावाच्या चॅनलची जुन्या शीटवरून आखणी करून खुणेचे दगड बसवावेत, एवढी विनंती छापावी. कुणा अधिकाऱ्याला नकाशा पाहायचा असेल तर घरी यावे, चहाही मिळेल. मात्र घडी मीच उलगडीन.

— एक वाचक, रामबाग, इंदूर