मॅडम, त्या गुळाच्या पाण्याबद्दल

आदरणीय कृषी सहायक मॅडम,
स. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं कळेपर्यंत तुम्ही गाव सोडलंही होतं. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते इथे चारचौघांत मानतो.

आमच्या मंगळवेढ्याकडे ज्वारी म्हणजे मालदांडी आणि खत म्हणजे दुकानदार देईल ती गोणी. पारावर दोन तट होते. एक म्हणायचा रासायनिक सगळं बंद करा, दुसरा म्हणायचा जिवाणू खताच्या पाकिटातल्या पावडरीनं काय होतंय. तुम्ही कुणाचीच री ओढली नाहीत. जिवाणू खतानं युरिया सुटत नाही, थोडा कमी करता येतो, एवढंच म्हणालात. त्या ‘थोडा’मुळेच मी ऐकायला बसलो.

भारी जमिनीला हेक्टरी 60 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद (फॉस्फरस) ही शिफारस तुम्ही माझ्या वहीत एकरावर आणून दिलीत: नत्र-स्फुरद दोन्ही देणारं डीएपी अर्ध्या गोणीच्या जरा वर, युरिया जवळपास एक गोणी. कोरडवाहूला सगळं पेरणीबरोबरच, बी आणि खत एकदम पेरणाऱ्या दोन चाड्याच्या पाभरीनं. वरून फेकलेला युरिया पाऊस नसला की बराचसा हवेत जातो, हे तेव्हा उमगलं. रान चुनखडीचं, त्यामुळे स्फुरद चुन्यात अडकून बसतं. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आम्ल सोडून ते मोकळं करतात. अ‍ॅझोटोबॅक्टर हा दुसरा जिवाणू हवेतलं नत्र धरतो, पण हरभऱ्यातल्या रायझोबियमसारखा मुळांवर गाठी करत नाही, तेव्हा त्याच्याकडून हरभऱ्याएवढी आशा धरू नका, हेही तुम्हीच बजावलंत. त्याला जगायला शेणखत लागतं, ते वेगळंच.

बीजप्रक्रिया तर तुम्ही आमच्या पडवीत बसून करून दाखवलीत. जिवाणू बियाण्याला चिकटवायचं गुळाचं पाणी पूर्ण गार होईपर्यंत पाकीट फोडू दिलं नाहीत. आधी काणी रोगासाठी गंधक, मग 10 किलो बियाण्याला दोन्ही जिवाणू 250-250 ग्रॅम. हलक्या हातानं, साल निघता कामा नये. मग गोणपाटावर सावलीत पसरायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. दुकानात पत्र्याखाली तापलेलं, मुदत संपलेलं पाकीट तुम्ही परत करायला लावलंत. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण खरे आभार त्या मधल्या पट्ट्याचे. तिथं खत पूर्ण, जिवाणू नाहीत, असा तो तुम्ही हट्टानं ठेवायला लावलात. उभ्या पिकात फरक डोळ्याला दिसला नाही, खळ्यावर मापं घेतली तेव्हा कळला. युरिया पाऊण करून जिवाणू लावलेल्या बाजूनं पट्ट्याची बरोबरी केली. पूर्ण खत आणि जिवाणू दोन्ही होते तिथं दाणेही थोडे जास्त आणि कडब्याच्या पेंढ्याही. पुढच्या साली पावसानं दगा दिला आणि सगळीकडे सारखंच आलं. ओल नसली की जिवाणूही उपाशी, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी पाकिटाला नावं ठेवली नाहीत. आमच्या गावात ही मोठी गोष्ट आहे.

आता पेरणीच्या आदल्या रात्रीच आमची मंडळी गूळ उकळून ठेवतात. पट्टा मी अजून ठेवतो, जागा तेवढी दरसाल बदलतो. बांधाला यंदा हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी टाकल्या आहेत. हुरड्याला घरच्यांना घेऊन या.

आपला,
एक ज्वारीवाला