चिमे, फोन ठेवलास म्हणून लिहितोय

लालबाग, १३ ऑक्टोबर २०२०

चिमे,

काल फोन आपटलास ते बरोबरच केलंस. अख्ख्या मुंबईची लाईट गेलेली, तुझा ऑनलाइन वर्ग मधेच तुटलेला, आणि मी बोललो काय तर "नाहीतरी काळ्या चौकोनांशी बोलणं म्हणजे काय शिकवणं?" आई अजून माझ्याशी बोलत नाहीये. भांडुपला येऊन समजूत काढली असती पण कोरोनामुळे लोकलमध्ये आमच्यासारख्यांना घेत नाहीत, म्हणून हे व्हॉट्सॅपवर एका बोटाने टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

घशाचं विचारणार नाही असं आईला कबूल केलंय. पण आवाज बसलेला तुझा. वर्गामुळेच ना?

रविवारी पाठवलेलं सहावीचं रेकॉर्डिंग दोनदा बघितलं. ४२ पोरं, कॅमेरा सहा जणांचा चालू, त्यातल्या एकाच्या मागे आजी लसूण सोलत बसलेली आणि नातवापेक्षा तिचंच लक्ष जास्त. तू "समजलं का?" विचारतेस, दोन सेकंद थांबतेस आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळी होतेस. अगं थांब ना जरा, त्या पोराला माईक चालू करायचाय, घरातली भांडणं सगळ्यांना ऐकू जातील म्हणून लाजायचंय, मग कुठे तोंड उघडायचंय. नाव घेऊन विचार, नाहीतर म्हण चॅटमध्ये नुसता आकडा लिहा. तिकडे शांतता झाली की तू आवाज चढवतेस, कोणी आहे की नाही या धास्तीने. घसा जातो तो त्यानेच. माईकवाला हेडफोन घे, पैसे मी देतो.

झालं, सुरू झालं माझं. सॉरी.

मला सोपं होतं गं. शेवटच्या बाकावरच्याचं तोंड बघूनच कळायचं की छेद समान करताना हा अडकलाय. तुला तोंडच दिसत नाही, आणि वह्यांचे फोटो येतात रात्री दहाला, कारण घरात मोबाईल एकच आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला, त्यात तीन भावंडांची रांग. ते तिरके, अंधारे फोटो तू साडेअकराला तपासतेस. जुलैत ऑनलाइन शिकवण्याबद्दल केंद्राच्या प्रज्ञाता सूचना आल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं म्हटलंय, तुमच्याकडे चार घेतात. बाईंना दाखव ते. किंवा नको दाखवूस, पगार आधीच अर्धा येतोय.

१९९८ ला माझा आवाज गेलेला आठवतो? गळ्यात गाठी झालेल्या, डॉक्टरांनी दोन आठवडे मौन दिलेलं. मी पाटीवर लिहून आईशी भांडायचो आणि तू, तिसरीतली, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकायचीस. खो खो हसायचीस वर. तेव्हा मला ताप नव्हता पण. तुला नाही ना?

ते फ्रिजमधली काच दोन डाळीच्या डब्यांवर ठेवून वर मोबाईल पालथा घालण्याचं तुझं तुला सुचलं की कोणी सांगितलं? खाली कागदाच्या घड्या घालून पाव, अर्धा, पाऊण दाखवलंस. मी तीस वर्षं भाकरी काढायचो फळ्यावर, ती कधी गोल आली नाही. तुझी बोटं अगदी स्वच्छ दिसत होती, आईला बोलावून दाखवलं, म्हटलं बघ.

आणि काल वर्ग गेला त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पोरं तुला सोडून नाही गेली, सगळ्यांचंच वायफाय गेलेलं. आम्हाला तासभर तुझा फोन लागेना तेव्हा काय काय मनात आलं ते नाही लिहीत.

वरच्या मजल्यावरच्या अण्णांनाही पहिले दोन दिवस नुसता घसाच होता.

नाही विचारत. हळद-मिठाच्या गुळण्या कर, उद्याची सत्रं दुसऱ्या कोणाला घ्यायला सांग. फोन नको करूस, आवाजाला आराम दे. फक्त थर्मामीटर लाव आणि त्याचा फोटो टाक. रात्री साडेअकराला टाकलास तरी चालेल, मी जागा आहे.

बाबा