चहा स्वस्त होणार होता

सातारा,
२५ एप्रिल

चि. गार्गी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली चकमक बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला झाली; तिच्या देखाव्याची तू तिथून पाठवलेली चित्रफीत तुझ्या आईने आणि मी दोनदा पाहिली. ऐन पहाटे कुडकुडत उभी असलेली गर्दी, बंदुकांचा धूर आणि त्यातून पुढे येणारे लाल डगलेवाले शिपाई पाहून आईला आधी तुझ्या कानटोपीचीच काळजी वाटली. ‘बाबा, एवढे रामायण घडले तरी कशावरून?’ या तुझ्या प्रश्नाला मी फोनवर ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला म्हणून’ असे उत्तर देऊन मोकळा झालो. वर्गातही मी एकतीस वर्षे हेच सांगत आलो. ते उत्तर चुकीचे आहे, आणि निदान तुझ्यापुरती तरी ती चूक दुरुस्त करावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१७७३ च्या चहा कायद्याने कर वाढवला नव्हता. पौंडभर चहाला तीन पेन्स हा कर १७६७ पासूनच होता. नवीन झाले ते इतकेच की, गोदामांत चहा साचून कर्जबाजारी झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली आणि इंग्लंडमधली जकात माफ झाली. म्हणजे कर भरूनही हा चहा लोकांना पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावर तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या फोडून सारा चहा समुद्रात ओतला गेला. (तो आसामचा नव्हे, चीनचा चहा होता; आपल्याकडचे मळे तेव्हा जन्मालाही आले नव्हते.) स्वस्त माल लोकांनी बुडवला, तेव्हा भांडण पैशाचे नव्हते हे उघड आहे. तो चहा विकत घेणे म्हणजे आपण न निवडलेल्या पार्लमेंटला आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार आहे, हे मुकाट्याने कबूल करणे होते. शिवाय कंपनीचे नाव तिकडे चांगले नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन, ज्या कंपनीने तिकडे माणसे उपाशी मारली तीच आता आपल्या दारात उभी आहे, अशा अर्थाचा इशारा दिला होता. आपल्याकडचे दुःख तिकडे असे पुरावा म्हणून वापरले गेले, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले.

याची मुळे त्याआधीच्या दहा वर्षांत आहेत. फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले, इंग्लंड जिंकले, पण कर्जात बुडाले. त्याच वर्षी अॅपलेशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्यास राजाने बंदी घातली आणि नव्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले लोक चिडले. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रापासून मृत्युपत्रापर्यंत, इतकेच काय, पत्ते आणि फासे यांवरही कर आला. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. पण मागे घेतानाच, अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला हक्क अबाधित आहे, असेही पार्लमेंटने ठरवून टाकले. दोरी सैल सोडली, टोक मात्र हातात ठेवले. लंडनची बाजूही अगदीच पोकळ नव्हती: मँचेस्टरलासुद्धा तेव्हा स्वतःचा खासदार नव्हता, मग बोस्टननेच तक्रार का करावी, असे तिकडे विचारले जाई. चहा बुडवल्यावर मात्र लंडनचा तोल सुटला. १७७४ च्या जूनपासून बोस्टनचे बंदरच बंद करण्यात आले. शिक्षा एका गावाला झाली आणि सप्टेंबरात फिलाडेल्फियाला तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले.

आता तू पाहिलेली पहाट. बोस्टनमधला इंग्रज सेनापती जनरल गेज याने जवळच्या कॉन्कॉर्ड गावातला वसाहतवाल्यांचा दारूगोळा जप्त करण्यासाठी सुमारे ७०० शिपाई १८ एप्रिल १७७५ च्या रात्री पाठवले. ती बातमी घेऊन पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर आणि विल्यम डॉज असे दोन स्वार वेगवेगळ्या वाटांनी निघाले. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करची जेमतेम ७७ माणसे उभी होती. पहिली गोळी कोणी झाडली हे आजवर ठरलेले नाही. आठ जण मेले. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम होता. मालकांच्या स्वातंत्र्यासाठी गोळी खाणाऱ्या या गुलामाचा उल्लेख मी वर्गात एकदाही केला नाही. खरी लढाई झाली ती परतीच्या वाटेवर. दगडी गडग्यांच्या आणि झाडांच्या आडून गावोगावचे लोक गोळ्या झाडत राहिले आणि बोस्टनला पोहोचेपर्यंत इंग्रजांचे ७३ शिपाई मेले होते. आपल्याला गनिमी कावा शिकवावा लागत नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

बोस्टनजवळच्या बंकर हिल या टेकडीवरच्या लढाईची गंमत मात्र तुला सांगितलीच पाहिजे. १७ जूनची ती लढाई मुख्यतः शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली आणि नाव भलत्याच टेकडीला मिळाले. अमेरिकनांच्या बाजूच्या कर्नल विल्यम प्रेस्कॉटच्या माणसांनी एका रात्रीत मातीचा कोट उभा केला होता. इंग्रज जनरल विल्यम हाऊच्या शिपायांचे दोन हल्ले त्यांनी परतवले. तिसऱ्या वेळी बंदुकीची दारू संपली. अमेरिकनांचा डॉ. जोसेफ वॉरन तिथेच पडला. जनरलचा हुद्दा मिळालेला असूनही तो साधा शिपाई म्हणून लढायला गेला होता. टेकडी इंग्रजांना मिळाली, पण हजाराहून अधिक माणसे मृत आणि जखमी होऊन. त्यानंतर हाऊ समोरून हल्ला करताना फार जपून वागला, असे मला दिसते.

लढाईच्या दोन दिवस आधीच काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, जॉर्ज वॉशिंग्टनला सेनापती नेमले होते. त्याच्याविषयी लोक भरभरून लिहितात. मला मात्र हेन्री नॉक्स अधिक आवडतो. पंचविशीतला हा पुस्तकविक्रेता तोफखाना शिकला तो दुकानातल्या पुस्तकांतून. टिकाँडरोगाच्या किल्ल्यातल्या सुमारे ६० तोफा त्याने भर हिवाळ्यात, बैल जुंपलेल्या घसरगाड्यांवर घालून, तीनशे मैलांवरून बोस्टनला आणल्या. १७७६ च्या मार्चमध्ये एका रात्रीत त्या बोस्टनसमोरच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या, आणि १७ मार्चला इंग्रज जहाजांत बसून बोस्टन सोडून गेले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर साडेतीन महिन्यांनी आला.

एक आपल्याकडची गोष्ट. लेक्सिंग्टनच्या पुढच्याच महिन्यात, मे १७७५ मध्ये, गुजरातेत अडासला पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके राघोबादादा आणि मुंबईकर इंग्रज यांच्याशी लढत होते. पुढे १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या छावणीत याच हरिपंतांच्या शेजारी उभा राहिला. तेव्हा त्या दोघांत अमेरिकेचा विषय निघाला असेल का, याचा विचार मी कधी कधी उगाच करतो.

ब्रीड्स हिलवरच्या मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत. चढलीस तर नदीपलीकडे कॉप्स हिल दिसते का ते कळव. इंग्रजांच्या तोफा त्या बाजूने डागल्या जात होत्या. आई मेतकूट पाठवत आहे.

तुझे,
बाबा