झिजलेल्या वस्तूंची चकचकीत छायाचित्रे

महोदय,

अपूर्ण, झिजलेल्या गोष्टींत सौंदर्य पाहणाऱ्या जपानी 'वाबी-साबी' या सौंदर्यदृष्टीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचनीय असला, तरी सोबतची छायाचित्रे इतकी चकचकीत होती की, जपानी चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या चहाविधीत रुजलेल्या आणि हाताने घडवलेल्या 'राकू' या मातीच्या चहा-वाडग्याच्या ओबडधोबड कडेत रमणाऱ्या या दृष्टीचा त्यांत मागमूसही नव्हता. मासाओ यामामोतो हे छायाचित्रकार तळहातावर मावतील एवढ्या प्रिंटना चहाचा रंग देतात, त्या हाताळून झिजवतात. त्यामुळे जीर्णता केवळ विषयात न राहता कागदातही उतरते. (संगणकावर चढवलेला आयता जुनेपणा हा, माझ्या मते, निराळा आणि स्वस्त प्रकार आहे.) खिडकीतून येणाऱ्या तिरप्या, मंद उजेडात वाडग्याचा खडबडीतपणा उठून दिसतो, तर समोरून पाडलेला फ्लॅश तो सपाट करून टाकतो. पुढील लेखांसाठी छायाचित्रे निवडताना याचा विचार व्हावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे