एलएसडीविषयीचा घातक गैरसमज

महोदय,

एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली द्रव्याचे व्यसन लागत नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे, हा समज गोवा, पुणे, मुंबईतील पार्ट्यांना जाणाऱ्या अनेक तरुणांच्या मनात आहे आणि तो घातक आहे. या द्रव्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजली जाते. त्यामुळे हे द्रव्य शोषलेल्या कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर किती आणि नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. एलएसडी म्हणून कधी ‘एनबोम’ गटातील रसायने विकली जातात, ज्यांनी झटके येतात, शरीराचे तापमान बेसुमार वाढते आणि मृत्यूही ओढवतो. त्यांपैकी तीन रसायनांवर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले.

अस्सल एलएसडीचा अंमलही बारा तासांपर्यंत टिकू शकतो. घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असलेल्यांना धोका अधिक, कारण हा आजार बहुधा तरुण वयातच डोके वर काढतो. काहींना दृष्टिभ्रम पुढे कित्येक महिने छळतात.

पोलिसांच्या भीतीने मित्र अत्यवस्थ मुलाला खोलीतच झोपवून ठेवतात, हे मला सर्वांत चिंताजनक वाटते. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि त्याने काय घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. महाविद्यालयांनी ही तरतूद आणि १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन प्रत्येक वसतिगृहात ठळकपणे लावावी.

– एक पालक, पुणे