समास मोकळा सोडला आहे

कोपरी, ठाणे पूर्व
रविवार, उपासनेहून आल्यावर

प्रिय आई-बाबा,
सलाम.

हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं, मी "हो" म्हटलं आणि गाडी तिथेच अडली. म्हणून कागद घेतला. सोबत टाईप केलेली चार पानं आहेत. पुढच्या महिन्यात ती चर्चच्या मंडळीच्या पत्रिकेत माझ्या नावानिशी येतील. नगरला कुणी ना कुणी तो अंक तुमच्या हातात आणून देईल आणि वर "मुलगी बरी आहे ना?" असंही विचारेल. त्याआधी माझ्या तोंडून ऐका.

गेल्या जुलैपासून मला चिंतेचा आजार आहे. काळजी नव्हे, काळजी आईलाही असते. हा आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत आणि रोज सकाळी एक गोळी आहे.

पहिला झटका लोकलमध्ये आला. मुलुंड सुटलं आणि गाडी सिग्नलला थांबली. एकाएकी छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास घशातच अडकलेला. वाटलं, संपलं. समोर एक बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "निवड." बस, एवढंच. मी थरथरत्या हाताने एकेक पान खुडत बसले. ठाणं आलं तेव्हा जुडी निवडून झाली होती आणि श्वास जागेवर आला होता. तिचं नाव विचारायचं राहिलं. नंतर ईसीजी काढला, हृदय ठणठणीत निघालं.

पण भीती गेली नाही. पुढचे चार महिने मी कुणालाही सांगितलं नाही. फास्ट सोडून स्लो धरली, मग स्लोही सोडून रिक्षा, आणि रिक्षाच्या पैशांपायी दिवाळीला घरी आले नाही. रजा मिळाली नाही हे खोटं होतं. माफ करा.

आता तुम्हाला लागेल असं सांगते, बाबा. त्याच चार महिन्यांत मी पत्रिकेसाठी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर लेख लिहिला. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." तुम्हाला तो इतका आवडला की तुम्ही झेरॉक्स काढून वाटलात. तो मी रात्री दोन वाजता बाथरूमच्या फरशीवर बसून लिहिला होता, कारण फरशी गार लागते आणि तिथे जरा बरं वाटतं. लेखात एक शब्द खोटा नव्हता. पण ज्या फरशीवर बसून तो लिहिला, ती त्यात कुठेच नव्हती. तिघींनी फोन करून सांगितलं, तुझ्या लेखाने धीर आला. मला तिघींपुढे चोरट्यासारखं वाटलं.

प्रार्थनागटात थोडं बोलून पाहिलं. एकीने ठामपणे सांगितलं, भीती म्हणजे विश्वास कमी, उपास कर. तीन शुक्रवार केले. रिकाम्या पोटी झटके जास्तच येतात, हे ज्ञान तेवढं मिळालं. शेवटी आमच्या पाळकांच्या पत्नीने हात धरून बसवलं आणि म्हणाल्या, "प्रार्थना मी करते, तू अपॉइंटमेंट घे."

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. शरीरात धोक्याचा भोंगा असतो, तो चोर नसतानाही वाजायला लागलाय. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो. त्याच्याशी मारामारी करायची नाही. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. आई, ती झोपेची गोळी नाही आणि तिची चटक लागत नाही. पण मनाने बंद करायची नाही, म्हणून तुझ्या ओळखीच्या वैद्यांचा काढा सध्या नको. समुपदेशकांनी तर उलटाच गृहपाठ दिला: जिथे भीती वाटते तिथेच जायचं, थोडं थोडं. आधी ठाणे ते मुलुंड एकच स्टेशन, मग भांडुप. परवा विक्रोळीपर्यंत गेले.

त्या गृहपाठाच्या दिवसांत पौल नव्याने वाचला. "चिंताक्रांत होऊ नका" लिहिणारा हाच माणूस करिंथकरांना लिहितो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्या उरावर आहे. आणि आशियात अशी वेळ आली की जगण्याचीही आशा सुटली होती. हे तो लपवत नाही, पत्रात घालून पाठवतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला फटकारत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. उपदेश नंतर. (आई, तुझीही पद्धत हीच.) आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी "तरीही मी स्तुती करीन" वगैरे काही नाही. कुणीतरी ते तसंच शास्त्रात राहू दिलं.

बाबा, लेखन ही सेवा आहे हे तुम्हीच शिकवलंत. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरातच निघालं, हे मी पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेल. माझे शाळेतले निबंध तुम्ही लाल शाईने तपासायचात आणि लक्ष्मीबाई टिळकांबद्दल म्हणायचात, "साक्ष लिहावी तर अशी. नवऱ्याच्या तऱ्हा लपवल्या नाहीत, स्वतःचं सोवळंही लपवलं नाही." मग आपल्या पत्रिकांतल्या साक्षी सगळ्या आजार गेल्यावरच्याच का असतात? मधल्या दिवसांत माणूस वाचत नाही का? माझी चार पानं मधल्या दिवसांतली आहेत. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही टाकलाय. संपादकांनी विचारलं, वचनाच्या खाली फोन नंबर बरा दिसेल का? मी म्हटलं, दिसू दे.

आणखी एक. त्यासाठीच खरं तर हे पत्र.

लहानपणी कुणी वेडगळ वागलं की सगळे म्हणायचे, "ह्याला ठाण्याला पाठवा." आपल्या घरात हे कुणी म्हणत नसे. एका नाताळात काका म्हणाले, तर बाबा, तुम्ही ताटावरून उठलात. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पगार विचारला नाहीत. विचारलंत, "ठाण्यात नेमकं कुठे?" मोठ्या आत्याचं मला आईने सांगितलं, फार उशिरा. दर दोन महिन्यांनी तुम्ही एसटीने इथल्या मनोरुग्णालयात यायचात, डब्यात रव्याचे लाडू घेऊन, आणि घरी सांगायचात की शाळेच्या कामाला गेलो होतो.

ते मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. मुलुंड आणि ठाण्याच्या मधे. माझी गाडी थांबली होती ती साधारण तिथेच. मी याचा अर्थ लावत बसले नाही, पण एका शनिवारी फाटकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

विल्यम कूपर हा इंग्रज कवी १७६३ साली जीव द्यायला निघाला होता. त्याला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं. तिथेच रोमकरांस पत्र वाचताना त्याला विश्वास गवसला. पुढे जॉन न्यूटनबरोबर त्याने गीतं लिहिली, १७७९ साली पुस्तक निघालं. मधे आजार पुन्हा उलटला होता आणि म्हातारपणी तर त्याने पाठ सोडलीच नाही. गीतं मात्र लोक अजून गातात. हे वाचताना मला आत्या आठवली. ती गायची म्हणे, अल्टो, बायकांचा खालचा सूर. दवाखान्यात गायची का, हे तुम्हालाच माहीत.

लेखात तिच्याविषयी एक परिच्छेद आहे, तिसऱ्या पानावर. नाव घातलेलं नाही. तुम्ही काट मारलीत तर तो जाईल, मी वाद घालणार नाही. पण काट मारण्याआधी एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या सवयीप्रमाणे डावीकडे दोन बोटं समास मोकळा सोडला आहे. ऱ्हस्व-दीर्घही पाहा, "चिंतित" मी दरवेळी चुकते. पंधरा तारखेच्या आत पाकीट टाका. आई, त्यातच शेंगदाण्याची चटणी कोंबू नकोस, मागच्या वेळी कागद तेलकट झाले होते. वेगळी पाठव.

तुमची,
बेबी